समुद्रशैवालातील विषाणुरोधक

आइस्क्रीम व चॉकलेटयुक्त दूध दाट राहावे म्हणून त्यांत वापरले जाणारे कॅराजीनन लाल समुद्रशैवालापासून मिळते. तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर अशा शैवालाची शेती बांबूच्या तराफ्यांवर होते. रासायनिकदृष्ट्या कॅराजीनन ही सल्फेटयुक्त बहुशर्करा होय. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपारिनही याच प्रकारात मोडते. मात्र ते प्राण्यांच्या ऊतींपासून काढतात.

शैवालाच्या अर्काने कोंबडीच्या भ्रूणांचे इन्फ्लुएन्झा बी व गालगुंडाच्या विषाणूंपासून संरक्षण होते, असे १९५८ मध्येच दिसून आले होते. त्यामागील कारण विद्युतभारात आहे. मानवी पेशींच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेटच्या ऋणभारित साखळ्या असतात. नागिणीच्या कुळातील हर्पिस सिम्प्लेक्ससारखे अनेक विषाणू आपल्या धनभारित प्रथिनांच्या साह्याने प्रथम या साखळ्यांनाच चिकटतात. कॅराजीननवरील सल्फेट गटही ऋणभारित असल्याने विषाणू पेशीऐवजी त्यालाच बिलगतो. विषाणू मरतोच असे नाही. त्याची वाट अडते. साहजिकच, संसर्ग होऊन गेल्यावर या उपायाची मातब्बरी फारशी उरत नाही.

जोडीदाराकडे निरोधाचा आग्रह धरता येत नाही, अशा स्त्रियांच्या हाती स्वतःचे साधन असावे, या हेतूने पॉप्युलेशन कौन्सिलने कॅराजीननपासून ‘कॅरागार्ड’ हे योनीमार्गात वापरायचे जेल तयार केले. दक्षिण आफ्रिकेत २००४ ते २००७ या काळात सहा हजारांहून अधिक स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. जेल सुरक्षित ठरले. पण ते वापरणाऱ्या गटात १३४ जणींना, तर औषधविरहित जेलच्या गटात १५१ जणींना एचआयव्हीची लागण झाली. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. परत आलेल्या नळ्यांच्या तपासणीवरून जेलचा वापर सरासरी ४२ टक्के संबंधांतच झाल्याचा अंदाज निघाला. तेव्हा दोष औषधाचा की वापराचा, हे या चाचणीवरून ठरवणे कठीणच.

सेल्युलोज सल्फेट या अर्धकृत्रिम भावंडाची चाचणी भारतातही सुरू होती. ती जानेवारी २००७ मध्ये थांबवावी लागली. जेल वापरणाऱ्यांतच लागण अधिक असल्याची शंका आली होती. परीक्षानळीतील यशावर विसंबणे किती धोक्याचे, ते येथे दिसले.

तथापि, २००६ मध्ये अमेरिकी संशोधकांना प्रयोगशाळेत कॅराजीनन गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत असलेल्या एचपीव्हीला अत्यल्प मात्रेतही रोखताना आढळले. करोनाकाळात अर्जेंटिनात ३९४ आरोग्य कर्मचाऱ्यांवर आयोटा-कॅराजीननच्या नाकातील फवाऱ्याची चाचणी झाली. औषधाच्या गटात दोघांना, तर दुसऱ्या गटात दहा जणांना कोविड झाला. आकडे आशादायक खरे, पण चाचणी लहान होती. लशीला पर्याय म्हणून त्याकडे पाहता येणार नाही.