परळची वारी



आपल्या रत्नागिरीत 'टाटा' म्हटले की कोणाला पोलाद आठवत नाही की मोटार आठवत नाही. 'त्यांना टाटात नेले' एवढे एक वाक्य आमच्या मिरजोळ्यातल्या एखाद्या अंगणात उच्चारले गेले, की पुढचे कोणी विचारीत नाही. रोगाचे नाव न घेता रोग सांगण्याची ही आपली रीत आहे. आज मी मात्र नाव घेऊनच बोलणार आहे. रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार आणि त्याच्यावरची औषधे यांचा इतिहास हा माझा विषय. रोग अंगात वागवीत, एक औषध लागू पडेनासे झाले की दुसरे धरीत, वर्षानुवर्षे संसार करणारी माणसे या इतिहासात भेटतात, म्हणून तो मला सांगावासा वाटला.

परळचे ते रुग्णालयच मुळी रक्ताच्या कर्करोगापायी उभे राहिले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली या रोगाने गेल्या. पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी वारले, पण त्यापूर्वी त्यांनी पत्नीच्या नावाने रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठी निधी स्थापन केला होता. रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. त्या काळी आपल्याकडच्या रोग्याने तेथे जायचे म्हणजे आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. पावसाळ्यात बोटी बंद, मग आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचे आणि तेथून रेल्वे. पुढे एस.टी.ची रात्र आली. कोकण रेल्वे सबंध सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला. हे वर्ष ध्यानात ठेवा.

आता रोगाकडे वळू. यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि डाव्या बरगडीखाली पानथरी फुगते. कोकणात पानथरी वाढली की हिवताप समजायचे ही जुनी सवय, त्यामुळे कित्येकांचे पहिले महिने कोयनेलच्या गोळ्यांत जात असतील. एडिंबरोत बेनेट आणि बर्लिनमध्ये फिरखो यांनी १८४५ मध्ये या रोगाचे वर्णन केले. १८६५ मध्ये जर्मनीत एका रोग्याला सोमलाचे पाणी पाजले गेले आणि पेशी घटल्या. होय, तोच सोमल, जो आपले वैद्यही शोधून वापरीत. विसाव्या शतकाच्या आरंभी पानथरीवर क्ष-किरण सोडू लागले. १९५३ मध्ये लंडनहून बुसल्फान नावाच्या गोळीची वार्ता आली. या साऱ्यांनी पानथरी उतरे, रोगी उठून कामाला लागे. पण रोग आतल्या आत पुढे सरकतच राही. आधी काही वर्षे मंद, मग वेगाचा, आणि शेवटी उद्रेकाचा, अशा त्याच्या तीन अवस्था. सामान्यतः तीन ते पाच वर्षांत खेळ आटपे. डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये टाटात रक्तकर्करोगाच्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर अस्थिमज्जारोपण केले, ते भारतातले पहिले. तो उपाय मोठा खरा, परंतु जुळणारे भावंड हवे, वय हवे आणि पैसाही हवा.

दरम्यान अमेरिकेत दुसरीकडून भिंत फोडणे चालले होते. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना या रोग्यांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. ते आखूड का, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले: नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली. त्या सांध्यावर एक विकृत प्रथिन तयार होते आणि तेच पेशींना 'वाढा, वाढा' असा हुकूम देत राहते. त्या हुकमाचे तोंड दाबणारे औषध म्हणजे इमॅटिनिब. १९९८ च्या जूनमध्ये ब्रायन ड्रुकर यांनी ते प्रथम रोग्यांना दिले. २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्या वर्षी आपली रेल्वे सुरू झाली, त्याच वर्षी ही गोळी! दहा वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा ही गोळी घेऊ लागलेल्या शंभरांतले त्र्याऐंशी जण हयात होते.

आणि इथे आमच्या वाडीतल्या एका काकांची गोष्ट येते. ते एस.टी.तून निवृत्त झालेले. २००३ च्या पावसात त्यांची पानथरी फुगली. रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी लाखाच्या वर. परळला त्यांना ही गोळी लिहून दिली. भारतीय कंपन्या ती करीत होत्या आणि महिन्याचा खर्च आठ-दहा हजारांत बसे. नोव्हेंबरात नोव्हार्टिस कंपनीला एकट्याने विकण्याचा हक्क मिळाला. तिची किंमत महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये! धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, बाग विकू." काकांनी विचारले, "विकून महिने किती निघतील?" दोघांनी पाटीवर हिशेब मांडला आणि पाटी पुसून टाकली.

कंपनी पुष्कळ रोग्यांना गोळ्या फुकट देत होती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. काकांनाही काही काळ त्या मिळाल्या. पण कृपा आणि हक्क यांत फरक असतो. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने आणि काही औषध कंपन्यांनी पेटंटला हरकत घेतली. २००५ मध्ये पेटंटचा कायदा बदलला, तेव्हा जुन्या औषधाचे नुसते नवे रूप काढल्याने पेटंट मिळत नाही, त्याचा गुण वाढलेला दाखवावा लागतो, असे कलम त्यात आले. त्या कलमाच्या आधारे चेन्नईच्या कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम व रंजना देसाई यांनी कंपनीचे अपील नामंजूर केले.

काकांच्या घरी त्या निकालाचे पेढे वाटले गेले नाहीत. कारण २०११ पासूनच त्यांना ती गोळी लागू पडत नव्हती. दर तीन महिन्यांच्या तपासणीत विकृत पेशींचा आकडा आधी रेंगाळला, मग चढू लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो, "गोळ्या चुकल्या का?" काका खाली बघून म्हणाले, "दोनदा. पावसात." रोगाच्या पेशीही रूप पालटतात आणि ओळखीच्या औषधाला दाद देईनाशा होतात, यात चूक कोणाची हे सांगणे नेहमी शक्य नसते. पण माणूस स्वतःलाच दोष देतो. मला तर वाटते की पहिल्या बातमीपेक्षा ही दुसरी बातमी जड जाते. आठ वर्षे ज्या गोळीने जगवले ती सोडायची, आणि अनोळखी गोळीवर जीव टाकायचा. पहिलीने पापण्या सुजत, पोटऱ्यांत गोळे येत. त्याची सवय झाली होती. दुसरीने छातीत पाणी होऊ शकते, असे सांगितले गेले.

दुसरीचे नाव डॅसॅटिनिब. अमेरिकेत तिला २००६ मध्ये मान्यता मिळाली होती. तिचे पेटंट निराळे, त्यामुळे २०१३ च्या निकालाचा तिच्या किमतीला काही उपयोग नव्हता. एका धर्मादाय निधीतून निम्मा खर्च निघाला. निम्म्यासाठी बागेतली बारा कलमे गेली. रोपे लावली तेव्हा काका तिशीत होते. तोडलेले मात्र त्यांनी पाहिले नाही; त्या दिवशी ते परळला होते.

सहा महिन्यांत आकडा उतरला. एकदा छातीत पाणी झाले, औषध थांबवावे लागले, पुन्हा कमी मात्रेत सुरू केले. अजून ते रात्रीच्या गाडीने जातात, सकाळी दादरला उतरतात, रक्त देऊन रांगेत बसतात. नवीन आलेल्या कोकणातल्या माणसाला खिडकी कोणती, कागद कोणता, हे तेच दाखवतात. गेल्या खेपेला खेडच्या एका बाईने त्यांना विचारले, "काका, तुम्हाला किती वर्षे झाली?" त्यांनी सांगितले. बाईंनी आपल्या मुलाला हाक मारली आणि म्हणाल्या, "इकडे ये, यांच्याजवळ बस."