शिष्य की उतारू?

शब्दांचा कीस काढणे हा पंडितांचा रिकामा उद्योग होय, असे सामान्यतः समजले जाते. तथापि कायद्यातील एका शब्दाचा अर्थ न्यायासनासमोर निश्चित झाला म्हणजे हजारो लोकांचा व्यवहार कसा अडून बसतो, हे अमेरिकेच्या विमानविद्येच्या इतिहासात २०२१ साली दिसून आले. वाद असा होता की, शिक्षकाबरोबर विमानात बसून उड्डाण शिकणारा मनुष्य हा शिष्य मानावा, की मोबदला घेऊन वाहून नेलेली व्यक्ती?

या वादाचे मूळ ‘प्रायोगिक’ या विमानवर्गात आहे. कारखान्यात बनणाऱ्या विमानाचा नमुना सरकारी कसोट्यांस उतरल्यावरच त्यास प्रमाणपत्र मिळते. हौशी मनुष्याने आपल्या घरी बांधलेल्या एकुलत्या एका विमानास अशा कसोट्या लावणे कोणालाच परवडण्यासारखे नव्हते. ही कोंडी फोडण्यासाठी ऑरेगन राज्यातील जॉर्ज बोगार्डस १९४७ मध्ये ‘लिटल जी बी’ नावाचे घरगुती बांधणीचे इवलेसे विमान घेऊन, सारा देश ओलांडून वॉशिंग्टनला गेले. अर्ज-विनंत्यांनी जे साधले नसते, ते दारात उतरलेल्या विमानाने साधले, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे अशा विमानांना प्रायोगिक वर्गात रीतसर स्थान मिळाले, आणि १९५३ मध्ये पॉल पोबेरेझनी यांनी मिलवॉकी येथे या हौशी मंडळींची संघटना स्थापन केली. सरकारदरबारी असे खेटे घालणे आपल्याकडेही कोणाला चुकलेले नाही. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानास उड्डाणाचा परवाना मिळाला तो कित्येक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०१९ मध्ये.

अमेरिकेत सवलत मिळाली ती अटींसह. विमानात शिरतानाच दिसेल अशा जागी, किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत ‘प्रायोगिक’ हा शब्द रंगवलेला असावा, ही एक अट. मोबदला घेऊन अशा विमानातून माणसे वा माल नेऊ नये, ही दुसरी व अधिक महत्त्वाची. हेतू उघड होता. ज्याने हे विमान बांधले त्याने आपल्या जिवाची जोखीम खुशाल पत्करावी. पैसे मोजून बसणाऱ्या अजाण माणसावर ती लादू नये. मात्र विमान दुसऱ्याच्या मालकीचे असून ते शिक्षणासाठी भाड्याने घ्यावयाचे असेल, तर काय? त्यासाठी २००४ मध्ये विमान प्रशासनाने नियमातून सूट देणाऱ्या पत्राची तरतूद केली. आपल्या स्वतःच्या विमानात पगारी शिक्षक बसवून धडे घेणाऱ्या मालकास अशा पत्राची गरज नाही, हे तोवर सर्वजण गृहीत धरून चालले होते.

या गृहीतास धक्का बसला तो एका निराळ्याच विमानामुळे. फ्लॉरिडातील ‘वॉरबर्ड ॲडव्हेंचर्स’ ही संस्था दुसऱ्या महायुद्धातील पी-४० जातीच्या लढाऊ विमानात शुल्क घेऊन शिक्षण देत असे. ते विमान ‘मर्यादित’ वर्गातील होते, पण मोबदल्याची अट तीच. प्रशासनाने २०२० मध्ये मनाई हुकूम काढला. शिक्षण म्हणजे वाहतूक नव्हे, असा संस्थेचा युक्तिवाद होता. २ एप्रिल २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो अमान्य केला. विद्यार्थी हीसुद्धा व्यक्तीच, आणि शिक्षणाचे पैसे हाही मोबदलाच, असा त्याचा इत्यर्थ.

शिक्षणाच्या नावाखाली जुन्या लढाऊ विमानांच्या सफरी विकल्या जाऊ नयेत, ही प्रशासनाची चिंता अवास्तव म्हणता येणार नाही. परंतु त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्याने हाच अर्थ प्रायोगिक वर्गालाही लावला, आणि घरच्या विमानात आपल्या खर्चाने शिकणाऱ्या मालकालाही सूटपत्र घेणे भाग पडले. वस्तुतः अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने २०१२ मध्येच एका अभ्यासात दाखवून दिले होते की, घरगुती बांधणीच्या विमानांचे पुष्कळ अपघात नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणांत वा नव्या मालकाच्या हाती होतात. त्यावर उपाय म्हणून मंडळाने सांगितले होते ते अधिक शिक्षणच! जेथे गुरूची गरज सर्वांत मोठी, तेथेच त्याच्या वाटेत कागद आडवा आला. प्रशासनाने ही पत्रे विद्युत् टपालाने झटपट देण्याची सोय केली खरी. पण ज्या पत्राने विमानाच्या सुरक्षिततेत काडीची भर पडत नाही, ते मुळात मागावेच का, हा वैमानिकांचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

अखेर हा गुंता काँग्रेसने सोडवला, आणि तोही संरक्षणखर्चाच्या कायद्यात एक कलम घालून. डिसेंबर २०२२ मध्ये संमत झालेल्या या कायद्यास ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इनहॉफ यांचे नाव आहे. ते स्वतः वैमानिक होते. शिक्षकाने शिक्षण व विमान ही दोन्ही एकट्याने पुरवू नयेत, विमान शिक्षणासाठी उपलब्ध असल्याची जाहिरात करू नये, आणि ते बाळगण्याच्या व चालवण्याच्या खर्चापलीकडे त्याच्या वापराबद्दल काही आकारू नये, या अटी पाळणाऱ्यांस सूटपत्राची आवश्यकता उरली नाही. २ डिसेंबर २०२४ पासून प्रशासनाच्या नियमावलीतही तसा बदल अंमलात आला. असे विमान शिक्षणासाठी जाहिरात करून चारचौघांना देऊ करणाऱ्यास मात्र पूर्वीप्रमाणेच अर्ज करून सूटपत्र मिळवावे लागते.