व्हीसीडीचं दुकान कुणी बंद पाडलं?

परवा वैराग रोडला एका ज्वारीच्या रानात थांबलो होतो. पाखरं उडवायला दोरीला सीडी टांगलेल्या, उन्हात चमचम करत होत्या. एक हातात धरून बघितली तर मराठी नाटकाची व्हीसीडी, भाग दुसरा. पहिला भाग चार हात पुढे लटकत होता. शेतकरी म्हणाला, "न्या की पत्रकार, पाहिजे तर. पोरं सगळं मोबाईलवर बघत्यात. आता ह्याचं मशीन तरी कुणाकडं हाय?"

तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे. आपल्या बार्शीतली सीडीची दुकानं गेली कशी? विचारलं की एकच उत्तर मिळतं, "ऑनलाईन आलं, मोबाईल आला, गेली." इतकं सोपं नाही ते. जरा लांबलचक लिहितोय, पण वाचा. कारण ही गोष्ट फक्त सीडीची नाही.

माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. आधी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती, मग व्हीसीडी आली. एका व्हीसीडीत साधारण ७४ मिनिटं मावायची, म्हणून एका हिंदी पिक्चरच्या दोन-दोन, तीन-तीन डिस्क. हिरो ऐन मारामारीत असताना उठून डिस्क बदलायची. मूळ कंपनीची डिस्क घेणं आपल्यासारख्याला परवडायचं नाही, म्हणून एक तर भाड्याने आणायची नाहीतर फूटपाथवरची पायरेटेड घ्यायची. खोटं कशाला बोलू, मीही घेतलीय.

मग २००७ च्या सुमारास मोझर बेअर ही कंपनी या धंद्यात उतरली. दीपक पुरी यांनी १९८३ मध्ये सुरू केलेली ही कंपनी आधी फ्लॉपी, मग कोऱ्या सीडी बनवायची आणि त्यात जगातल्या मोठ्या कंपन्यांत गणली जायची. त्यांनी हजारो पिक्चरचे हक्क घेतले आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. कायदेशीर, कव्हरसकट, पायरेटेडच्या भावात! पायरसीवाल्यांचं कंबरडं जे पोलिसांना मोडता आलं नव्हतं, त्याला या भावाने हादरा दिला. २००९ मध्ये आपल्या राज्याने एमपीडीए कायद्यात झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांच्या रांगेत 'व्हिडिओ पायरेट' हा शब्द घातला. पण गावातली गर्दी कायद्याने नाही, २८ रुपयांनी फिरवली होती.

आपल्या दुकानदारांचे ते सोन्याचे दिवस. मी ज्यांच्याकडे जायचो त्यांना सगळे काका म्हणायचे. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं पिशवीत ज्वारी-डाळीबरोबर दादा कोंडक्यांची डिस्क घालून न्यायची. काकांना माणूस बघून कळायचं. म्हातारीला भक्तिगीतं, पोरांना साऊथचं डब केलेलं, मास्तरला नाटक. शनिवारी सोलापूरला नव्या पेठेत जाऊन माल आणायचे. न विकलेला माल परत घ्यायला कुणी तयार नसायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच काळात, ऑक्टोबर २००७ मध्ये, बंगळुरूला फ्लिपकार्ट सुरू झालं, पुस्तकं विकायला. पुढे सिनेमे आणि गाणीही आली. २०१० मध्ये त्यांनी घरी पार्सल आल्यावर पैसे द्यायची सोय काढली आणि ज्याच्याकडे कार्ड नाही असा माणूसही गिऱ्हाईक झाला. अमेझॉन भारतात ५ जून २०१३ ला उतरलं. पहिल्या दिवशी दुकानात काय मांडलं होतं माहितीय? पुस्तकं आणि सिनेमे-मालिका. बस्स. मोबाईल नंतर आला, कपडे-चपला त्याहून नंतर.

नेमक्या याच वस्तू का? कारण डिस्क आणि पुस्तक हाताळून बघावं लागत नाही. चपलेचं माप चुकतं, साडीचा रंग वेगळा निघतो, पण पिक्चर बार्शीत घेतला काय आणि बंगळुरूहून मागवला काय, तोच असतो. वजन कमी, फुटायची भीती कमी, गोदामात सडत नाही. गिऱ्हाइकाला न बघता खरेदी करायची सवय लावायला यापेक्षा बरी वस्तू नाही. म्हणजे डिस्क ही या कंपन्यांसाठी वर चढायची पायरी होती. काकांचं मात्र सगळं घरच त्या पायरीवर होतं.

आता माझाही कबुलीजबाब. २०११ ला मला सत्यजित राय यांचे पिक्चर बघायचे होते. काका म्हणाले, "पुण्याहून आणावं लागंल, कधी मिळंल सांगता येत नाही." ऑनलाईन मागवले, सहा दिवसांत घरी. तालुक्याच्या गावात बसून जगातलं कुठलंही कपाट उघडता येतं हा आनंद खरा होता, आजही मी तो नाकारणार नाही. आपल्या पेठेत सगळं मिळायचं असं म्हणणं म्हणजे आठवणींना पॉलिश करणं झालं. मिळत नव्हतं.

पण वर्षभराने मी काकांच्या फळीवर बघितलेली, हातात घेतलेली डीव्हीडी परत ठेवली आणि घरी जाऊन ऑनलाईन मागवली. का, तर साठ रुपये स्वस्त. पुढच्या वेळी गेलो तर त्यांनी एवढंच विचारलं, "कितीला पडली?" मी सांगितलं. म्हणाले, "मला सोलापुरातच त्याच्यापेक्षा महाग पडती." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

ते साठ रुपये कुठून आले? हुशारीतून थोडे आले असतील. पण पेठेतला दुकानदार खरेदीपेक्षा कमी भावात विकू शकत नाही, आणि गुंतवणूकदारांचा पैसा पाठीशी असलेली कंपनी वर्षानुवर्षं तोटा सोसू शकते. ही स्पर्धा मालाची नव्हती, दम कुणाचा जास्त याची होती. मुंबईतही तेच झालं. काळा घोड्याचं रिदम हाऊस, साठ वर्षांहून जुनं दुकान, फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीला बंद झालं. आणि परकीय पैशावर चालणाऱ्या ऑनलाईन बाजाराने वस्तूंच्या भावावर प्रभाव टाकू नये, हा केंद्राचा नियम कधी निघाला? मार्च २०१६ मध्ये. एकच महिना उशिरा. बार्शीच्या हिशेबाने तर तीन-चार वर्षं उशिरा.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जुन्या रेकॉर्डवरचा भोंग्यासमोर बसलेला कुत्रा आठवतो? एचएमव्ही. आपल्याकडच्या त्या कंपनीचं पुढे 'सारेगामा' झालं. इंग्लंडमध्ये त्याच नावाची दुकानं आहेत, लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं पहिलं १९२१ चं. तिथे एक गंमत होती. जर्सीसारख्या चॅनल बेटांवरून १८ पौंडांपर्यंतचं पार्सल आलं तर त्यावर व्हॅट नाही. मग काय, ऑनलाईनवाल्यांनी डीव्हीडी त्या बेटांवरून पाठवायला सुरुवात केली. दुकानदार व्हॅट भरून विकणार आणि पार्सलवाला न भरता. दुकानदारांनी वर्षानुवर्षं बोंब मारली. सवलत बंद झाली १ एप्रिल २०१२ ला. जानेवारी २०१३ मध्ये एचएमव्हीचं दिवाळं निघालं. नियम तिथेही आला, पण पेशंट आयसीयूत गेल्यावर. फरक एवढाच की त्या दुकानाला मोठे खरेदीदार मिळाले. २०१८ च्या शेवटी दुसऱ्यांदा बुडूनही ते उभं राहिलं आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटचं दुकान २०२३ ला परत उघडलं. काकांना खरेदीदार कोण मिळणार?

शेवट तर अजून विचित्र आहे. जानेवारी २०१६ ला नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरमध्ये जिओ. बघता बघता डिस्क विकत घ्यायचं कारणच संपलं. स्वस्त डिस्क आणणाऱ्या मोझर बेअरचं २०१८ मध्ये लिक्विडेशन निघालं. ऑनलाईन कंपन्यांचं काय बिघडलं? काही नाही. त्या केव्हाच मोबाईल, मिक्सर, चपलांवर गेल्या होत्या. लढाई डिस्कवर झाली, जिंकणाऱ्याला डिस्क नकोच होती, आणि हरणाऱ्याकडे परत न जाणारा माल उरला. काकांनी तो शेवटी किलोवर घातला. रानातल्या त्या दोरीवर त्यातलंच काही असेल, सांगता येत नाही.

आणि आपण काय गमावलं? घेतलेली डिस्क माझी होती. मित्राला देता यायची, पोराला ठेवता यायची. आज महिन्याला पैसे भरतो, पण मालकी कशाचीच नाही. करार संपला की पिक्चर गायब. "सगळं यूट्यूबवर आहे" म्हणणाऱ्यांनी आपल्या लहानपणीचं एखादं नाटक पूर्ण, स्वच्छ, कापाकापी न केलेलं शोधून दाखवावं. मी त्या शेतकऱ्याकडून दोन्ही भाग घेऊन आलो. दुसऱ्या भागावर चरे आहेत, पण चालेल असं वाटतंय. फक्त प्लेअर शोधतोय.

हे सगळं आज लिहायचं कारण, मेडिकलवाले, मोबाईलवाले, किराणावाले आता तेच बोलतायत जे काका २०१२ ला बोलत होते. "आम्हाला खरेदीच त्याच्यापेक्षा महाग पडती." ऑनलाईन घेऊ नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः घेतो. पण भावाचे नियम दुकान चालू असताना लागले पाहिजेत, शटर पडल्यावर नाही. व्यापारी संघाने, नगरपालिकेने, आमदार-खासदारांनी यावर काय केलं, हे यंदा मत मागायला आले की विचारा.

आणि कुणाकडे चालू डीव्हीडी प्लेअर असेल तर कमेंटमध्ये सांगा. नाटक एकत्र बघू. काकांनाही बोलावतो.