कायमचे आणि पूर्ण : अमेरिकी माजी सैनिकांच्या अपंगत्व-दर्जाचा ऐतिहासिक विकास

प्रस्तावना

युद्धातून जखमी सैनिक घरी परततो तेव्हा राज्यसंस्थेपुढे दोन प्रश्न उभे राहतात. त्याचे नुकसान किती झाले हा पहिला आणि ते किती काळ टिकणार हा दुसरा. तुटलेल्या हाताच्या बाबतीत दुसरा प्रश्न उद्भवत नाही, कारण हात पुन्हा उगवत नाही. परंतु विषारी वायूने पोखरलेली फुप्फुसे, क्षयाने ग्रासलेले शरीर किंवा तोफांच्या माऱ्यात ढासळलेले मन यांच्या बाबतीत त्याचे उत्तर कोणत्याही वैद्याला छातीठोकपणे देता येत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून ‘कायमचे आणि पूर्ण अपंगत्व’ ही कायदेशीर कोटी घडली. आज ती माजी सैनिक खात्याच्या व्यवहारात रुळलेली असली तरी तिच्या घडणीला सुमारे दोन शतकांचा इतिहास आहे आणि त्यात औदार्याइतकाच संशयही आहे.

पूर्ण म्हणजे किती?

२६ ऑगस्ट १७७६ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानंतर दोन महिन्यांच्या आत, वसाहतींच्या काँग्रेसने पहिला राष्ट्रीय निवृत्तिवेतन ठराव केला. लढाईत अवयव गमावलेल्या किंवा उपजीविका करण्यास असमर्थ झालेल्या सैनिकास अर्धा पगार देण्याचे वचन त्यात होते. हा पगार तहहयात किंवा अपंगत्व टिकेल तोवर मिळावयाचा होता. या ‘किंवा’त पुढील सर्व वादाचे बीज आहे. वचन दिले गेले, पण ते पाळण्यासाठी लागणारा पैसा काँग्रेसच्या तिजोरीत नव्हता. भार घटक राज्यांवर पडला आणि तो अत्यंत असमानपणे उचलला गेला.

१७९२ च्या कायद्याने अपंग सैनिकांचे अर्ज तपासण्याचे काम संघराज्याच्या न्यायाधीशांकडे सोपविले. मात्र त्यांचा निर्णय फिरविण्याचा अधिकार युद्धमंत्र्याला दिला. न्यायाधीशांनी हे काम न्यायिक स्वरूपाचे नाही म्हणून नाकारले. हेबर्न खटला या नावाने हा प्रसंग घटनात्मक इतिहासात सत्ताविभाजनाचे उदाहरण म्हणून शिकविला जातो. त्याच्या मुळाशी एका जखमी सैनिकाचा अर्ज होता, याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत ओझरताच येतो.

यादवी युद्धाने या प्रश्नाचे प्रमाणच बदलले. १४ जुलै १८६२ च्या कायद्यानुसार पूर्ण अपंगत्वासाठी साध्या शिपायास दरमहा ८ डॉलर, तर लेफ्टनंट कर्नल व त्यावरील अधिकाऱ्यास ३० डॉलर मिळत. श्रमाचे काम करण्याची असमर्थता हा येथील निकष. तो एकदा ठरल्यावर एक चमत्कारिक अडचण उद्भवली. श्रम करू न शकणारा शिपाई ‘पूर्ण’ अपंग, मग दोन्ही हात गमावलेला कोण? १८६४ मध्ये दोन्ही हात किंवा दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेल्यांसाठी २५ डॉलर आणि दोन्ही पाय गेलेल्यांसाठी २० डॉलर असे विशेष दर ठरले. १८८० पर्यंत, सतत दुसऱ्याच्या साहाय्यावाचून जगू न शकणाऱ्यांचा दर ७२ डॉलरवर गेला. ‘पूर्णा’पेक्षा अधिक असे काहीतरी कायद्याला मान्य करावे लागले. तर्कशास्त्राला हे न पटणारे असले तरी जखमी माणसांच्या वास्तवाला ते धरून होते.

काळाचा प्रश्नही याच काळात प्रशासनापुढे आला. निवृत्तिवेतनधारकांना दर दोन वर्षांनी शल्यचिकित्सकापुढे तपासणीस हजर राहावे लागे. ज्यांची व्यथा कायम स्वरूपाची ठरे त्यांना त्यातून सूट होती. ‘कायमचे’ या शब्दाचा पहिला व्यावहारिक अर्थ असा दिसतो : पुन्हा पुन्हा सिद्ध करावे न लागणे.

२७ जून १८९० च्या कायद्याने नव्वद दिवस सेवा केलेल्या व श्रमास असमर्थ झालेल्या प्रत्येक सैनिकास, अपंगत्वाचे कारण युद्ध असो वा नसो, निवृत्तिवेतन खुले केले. केवळ दुर्व्यसनातून आलेले अपंगत्व वगळले गेले. १८९३ साली निवृत्तिवेतनधारकांची संख्या सुमारे ९ लाख ६६ हजार झाली आणि संघराज्याच्या महसुलाचा दोन-पंचमांशाहून अधिक भाग या एका कामी खर्ची पडू लागला. मात्र या औदार्याचा लाभ सर्वांना सारखा झाला नाही. गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांपाशी जन्माचा वा विवाहाचा लेखी पुरावा क्वचितच असे आणि कागदाविना अर्ज अडत असे. ज्या व्यवस्थेने त्यांच्या नोंदी ठेवल्याच नाहीत, तिच्याच अपराधाची शिक्षा त्यांना दुसऱ्यांदा भोगावी लागली, असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही.

१९१७ : विमापत्रातील व्याख्या

पहिल्या महायुद्धात उतरताना अमेरिकेला यादवीनंतरच्या निवृत्तिवेतनाची पुनरावृत्ती नको होती. ६ ऑक्टोबर १९१७ च्या युद्धजोखीम विमा कायद्याने दोन वेगळे मार्ग आखले. सेवेतून आलेल्या अपंगत्वासाठी सरकारी भरपाई हा एक. दुसरा म्हणजे सैनिकाने स्वतःच्या पगारातून हप्ता भरून घ्यावयाचा, कमाल १० हजार डॉलरचा विमा. मृत्यू किंवा ‘पूर्ण कायम अपंगत्व’ आल्यास ही रक्कम दरमहा ५७ डॉलर ५० सेंट याप्रमाणे २४० हप्त्यांत मिळे. ४० लाखांहून अधिक विमापत्रे निघाली.

विमा म्हटला की व्याख्या आली. मार्च १९१८ मध्ये विमा कार्यालयाने ती केली. ज्या शारीरिक वा मानसिक दोषामुळे कोणताही लक्षणीय लाभदायक व्यवसाय सातत्याने करणे अशक्य होते, ते पूर्ण अपंगत्व. आणि ते आयुष्यभर टिकेल अशी वाजवी खात्री असेल तर ते कायमचे. या व्याख्येत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, मनाचा उल्लेख शरीराच्या बरोबरीने झाला. दुसरी, ‘खात्री’ला ‘वाजवी’ हे विशेषण लागले. भविष्याचे ज्ञान कोणालाच नसते हे कायद्याने मान्य केले. पण ‘वाजवी’ म्हणजे किती हे ठरविण्याचा अधिकार मात्र सैनिकाकडे आला नाही.

भरपाईच्या बाजूस १९१९ च्या दुरुस्तीने पूर्ण पण तात्पुरत्या अपंगत्वासाठी दरमहा ८० डॉलर, तर पूर्ण व कायमच्या अपंगत्वासाठी १०० डॉलर असा भेद केला. ‘कायमचे’ या शब्दाची किंमत अशा रीतीने दरमहा २० डॉलर ठरली. १९२४ च्या महायुद्ध माजी सैनिक कायद्याने १ जानेवारी १९२५ पूर्वी उद्भवलेला क्षय व मज्जामानसिक विकार सेवेतूनच आले असे गृहीत धरण्याची सवलत दिली. दरम्यान १९२१ साली स्थापन झालेल्या माजी सैनिक कार्यालयाचा पहिला संचालक चार्ल्स फोर्ब्स सरकारची फसवणूक करण्याच्या कटाबद्दल दोषी ठरून तुरुंगात गेला. लबाड सैनिकाचा शोध घेणाऱ्या यंत्रणेच्या शिखरावर ही स्थिती होती.

देणगी की हक्क?

महामंदीच्या काळात या रचनेची कसोटी लागली. २० मार्च १९३३ रोजी, अध्यक्षपदाची सूत्रे घेऊन तीन आठवडेही झाले नसताना, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी काटकसर कायद्यावर स्वाक्षरी केली. माजी सैनिकांच्या लाभांचे जुने कायदे रद्द झाले, दर ठरविण्याचे अधिकार अध्यक्षाकडे गेले आणि मोठी कपात झाली. कपातीविरुद्धचा रोष इतका तीव्र होता की २८ मार्च १९३४ रोजी काँग्रेसने अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून तिचा काही भाग मागे घेतला.

याच कायद्याने युद्धजोखीम विम्याचे हक्कही पुसले होते. ४ जून १९३४ च्या लिंच खटल्यात न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी निर्णय दिला की विमापत्र हा करार आहे. सैनिकाने हप्ता भरला असल्याने सरकार तो मोडू शकत नाही. याच निर्णयाची दुसरी बाजू मात्र कठोर होती. निवृत्तिवेतन व अपंगत्व भरपाई ही देणगी असून काँग्रेस ती केव्हाही काढून घेऊ शकते, असे न्यायालयाने त्याच ओघात म्हटले. साडेसहा डॉलरांच्या आसपासचा मासिक हप्ता भरणाऱ्याचा हक्क सुरक्षित राहिला. पाय देणाऱ्याचा नाही. या निर्णयातील ही विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही.

विमाधारकांनाही मार्ग सोपा नव्हता. त्याच वर्षीच्या लम्ब्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पूर्ण अपंगत्व म्हणजे संपूर्ण असहायता नव्हे आणि अधूनमधून थोडे काम केल्याने दावा बाद होत नाही. परंतु दीर्घ काळ केलेले काम दाव्याच्या विरोधात जाते. पोटासाठी आजारातही राबलेल्या सैनिकाचे कष्ट अशा रीतीने त्याच्याच विरुद्ध साक्षीदार ठरले.

कुटुंबापर्यंतचा विस्तार

१९४५ च्या मूल्यांकन तक्त्याने दहा-दहा टक्क्यांच्या श्रेणी रूढ केल्या. शंभर टक्के दर्जा मिळण्याचे दोन मार्ग आजही आहेत. एक, तक्त्यानुसार, येथे सैनिक नोकरी करीत असला तरी दर्जा जात नाही. दुसरा, वैयक्तिक अनर्हतेचा : एकच अपंगत्व ६० टक्के, किंवा एक ४० टक्के धरून एकत्रित ७० टक्के असून त्यामुळे लाभदायक काम अशक्य झाल्यास शंभर टक्क्यांचा दर मिळतो. २०२५ मध्ये अवलंबित नसलेल्या सैनिकासाठी तो दरमहा ३,८३१ डॉलर ३० सेंट होता.

परंतु ‘कायमचे’ या शब्दाचे खरे महत्त्व रकमेत नसून कुटुंबात आहे. १९५६ चा युद्ध-अनाथ शिक्षण कायदा मृत सैनिकांच्या मुलांसाठी होता. १९६४ मध्ये तो पूर्ण व कायम अपंग सैनिकांच्या मुलांना आणि १९६८ मध्ये त्यांच्या पत्नींनाही लागू झाला. १९७३ मध्ये वैद्यकीय साहाय्याची सोय याच धर्तीवर झाली. म्हणजे जे लाभ मुळात सैनिकाच्या मरणाशी बांधलेले होते ते जिवंतपणी मिळू लागले. कुटुंबाचा पोशिंदा म्हणून त्याचे अस्तित्व संपले, अशी कायद्याने जणू नोंद केली. या नोंदीने घर सावरले हे निर्विवाद. ती स्वीकारणाऱ्या तिशीतल्या तरुणावर तिचा काय परिणाम होत असेल, हा विचार नियमावलीत कोठेही आढळत नाही.

मानसिक आघाताच्या बाबतीत पेच अधिकच गहिरा होतो. १९८० मध्ये आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात स्थान मिळाले. हा विकार उपचाराने कमी होऊ शकतो. आणि कमी झाला तर दर्जाही घटू शकतो. या भीतीवर काळाची काही कुंपणे घातलेली आहेत. प्रत्यक्ष सुधारणा दाखविणाऱ्या तपासणीशिवाय पूर्ण दर्जा कमी करता येत नाही. पंचावन्न वर्षांवरील व्यक्तीस सामान्यतः फेरतपासणीस बोलावले जात नाही. सलग वीस वर्षे टिकलेला पूर्ण दर्जा फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज काढता येत नाही. भारतातही २००१ च्या आदेशान्वये, १ जानेवारी १९९६ पासून, ठराविक मुदतीच्या फेरतपासणी मंडळांची प्रथा थांबविण्यात आली आणि कायम स्वरूपाच्या अपंगत्वाचे मूल्यांकन, सैनिकाने स्वतः मागणी केल्याखेरीज, आयुष्यभरासाठी अंतिम मानले गेले. हेच तत्त्व दोन देशांत वेगळ्या वाटांनी आले.

न्यायालयाचा दरवाजा

माजी सैनिक खात्याच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाण्याची मुभा १९८८ पर्यंत जवळजवळ नव्हतीच. वकिलाची फी यादवीच्या काळापासून १० डॉलरवर गोठलेली होती आणि १९८५ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा वैध ठरविली. १८ नोव्हेंबर १९८८ च्या कायद्याने स्वतंत्र अपील न्यायालय निर्माण केले.

लिंच खटल्यातील ‘देणगी’चा प्रश्न मात्र २००९ पर्यंत अनुत्तरित राहिला. व्हिएतनाम युद्धात पाठीला दुखापत झालेला कुशमन नावाचा सैनिक ६० टक्के दर्जावर होता. काम अशक्य झाल्याने त्याने पूर्ण दर्जा मागितला. त्याच्या वैद्यकीय नोंदीत सध्याचे काम थांबविणे भाग आहे, असे डॉक्टरांनी लिहिले होते. खात्याने विचारात घेतलेल्या प्रतीत त्यापुढे शब्द घुसडलेले होते. किमान वाकणे व ओझे उचलणे थांबवावे, असा सौम्य अर्थ त्यामुळे निघत होता. मूळ व बदललेली प्रत शेजारी ठेवून पाहीपर्यंत अनेक वर्षे गेली. संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला की पात्र सैनिकाचा अपंगत्व लाभ ही घटनेने संरक्षिलेली मालमत्ता आहे आणि विपर्यस्त नोंदीच्या आधारे झालेली सुनावणी ही सुनावणीच नव्हे. प्रकरण नव्याने विचारार्थ परत पाठविण्यात आले.