डेटाकाइंड

समाजकार्य करणाऱ्या संस्थांसाठी डेटा सायंटिस्ट, संख्याशास्त्रज्ञ आणि प्रोग्रॅमर यांच्याकडून विनामोबदला काम करवून घेणारी अमेरिकन ना-नफा संस्था. स्थापना न्यूयॉर्क, २०११. पहिले नाव ‘डेटा विदाउट बॉर्डर्स’; २०१२ पासून सध्याचे नाव. न्यूयॉर्कबाहेर वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को, ब्रिटन, डब्लिन, सिंगापूर आणि बंगळुरू येथे स्वयंसेवकांनी तिच्या शाखा उभ्या केल्या.

संस्थापक जेक पोरवे यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेतली. पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संशोधन व विकास प्रयोगशाळेत ते डेटा सायंटिस्ट होते. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये दर शनिवार-रविवारी हॅकेथॉन भरत. तल्लख माणसे दोन दिवस जागून गाडी कुठे लावावी आणि जेवायला कुठे जावे हे सांगणारी ॲप तयार करीत. हेच कौशल्य पैशाअभावी डेटा सायंटिस्ट नेमू न शकणाऱ्या संस्थांकडे वळवावे, असे जाहीर आवाहन पोरवे यांनी २०११ च्या उन्हाळ्यात केले. थोड्याच दिवसांत शेकडो लोकांनी नावे कळवली. माणसे मिळतील की नाही ही शंका तिथेच फिटली. त्यांना द्यायचे काम मात्र तयार नव्हते, आणि संस्थेचा पुढचा बराचसा इतिहास ते तयार करण्याचाच आहे. सहसंस्थापकांत क्रेग बारोव्स्की आणि ड्रू कॉनवे होते. प्रोग्रॅमिंग, गणित-संख्याशास्त्र आणि विषयाचे ज्ञान यांची तीन वर्तुळे एकमेकांत गुंफून डेटा सायन्स म्हणजे काय हे दाखवणारी, आज पाठ्यपुस्तकांत सर्रास दिसणारी आकृती या कॉनवे यांचीच.

हा विचार अगदीच नवा नव्हता. अमेरिकेतील वकिलांत विनाशुल्क खटले चालवण्याची प्रथा जुनी आहे, आणि अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या छत्राखाली ‘स्टॅटिस्टिक्स विदाउट बॉर्डर्स’ हा गट २००८ पासून काम करीत होता. डेटाकाइंडने त्याला शनिवार-रविवारच्या हॅकेथॉनचा उत्साह आणि त्यापेक्षा बरीच कडक शिस्त जोडली.

कामाचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘डेटाडाइव्ह’मध्ये शुक्रवार संध्याकाळ ते रविवार एवढ्या वेळात काही संस्था आणि पन्नास-शंभर स्वयंसेवक एका छताखाली बसतात. ‘डेटाकोअर’मध्ये निवडक लोकांची छोटी तुकडी एकाच संस्थेबरोबर काही महिने काम करते. पहिली डेटाडाइव्ह ऑक्टोबर २०११ मध्ये न्यूयॉर्कला झाली. तिच्यातील एक सहभागी होती न्यूयॉर्क सिव्हिल लिबर्टीज युनियन ही नागरी हक्कांची संघटना. शहराचे पोलीस रस्त्यात कोणालाही थांबवून झडती घेत, आणि त्या प्रत्येक प्रसंगाची नोंद उपलब्ध होती. एकट्या २०११ या वर्षात अशा ६,८५,७२४ नोंदी झाल्या. संघटनेकडे कायद्याचे जाणकार होते, पण लाखो ओळींची फाइल नीट उघडून तिचे नकाशे काढणारे कोणी नव्हते.

बाहेरून पाहणाऱ्याला डेटाडाइव्ह दोन दिवसांची वाटते. प्रत्यक्षात तिची तयारी कित्येक आठवडे आधी सुरू होते, आणि ती करणाऱ्या अनुभवी स्वयंसेवकांना संस्थेत ‘डेटा ॲम्बॅसेडर’ म्हणतात. ते संस्थेच्या लोकांसोबत बसून त्यांना नेमके काय जाणून घ्यायचे आहे हे विचारतात, फाइली मागवतात, त्यांतील रिकामे रकाने आणि एकाच गावाची चार स्पेलिंगे शोधतात, व्यक्तीची ओळख पटेल असा तपशील काढून टाकतात. ‘आमच्याकडे दहा वर्षांचा डेटा आहे, त्यातून काहीतरी काढून द्या’ अशी मागणी घेऊन आलेल्या संस्थेला प्रश्न पक्का करूनच पुढे जावे लागते. उत्तर मिळाल्यावर ते कोण वापरणार आणि त्यावरून कोणता निर्णय बदलणार, हेही तेव्हाच ठरवायचे असते. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण प्रकल्प तरणार की बुडणार, हे बहुधा इथेच ठरते.

न्यूयॉर्कच्या उद्यान खात्यासाठी केलेला प्रकल्प संस्थेच्या कामाचा सर्वांत चांगला नमुना मानावा लागेल. खात्याकडे सुमारे २५ लाख झाडांची देखभाल आहे. त्यांपैकी रस्त्याकडेची झाडेच २००५ च्या वृक्षगणनेत ५,९२,१३० भरली. या झाडांची छाटणी एकेक ब्लॉक घेऊन, फेरीने होते. वाऱ्यावादळात फांदी कोसळली किंवा झाड आडवे झाले की वेगळी तुकडी तातडीने पाठवावी लागते. आधी छाटलेल्या ब्लॉकमध्ये नंतरची पडझड खरोखर कमी होते का, असा खात्याचा प्रश्न होता. कोणताही माळी ‘होय’ म्हणेल. पण अंदाजपत्रक मांडताना माळ्याचा अनुभव पुरत नाही, आकडा लागतो, आणि तो कोणाकडेच नव्हता.

आकडा नसण्याचे कारण नोंदींच्या पद्धतीत होते. छाटणीची नोंद ब्लॉकवार होई, तर पडझडीची नोंद झाडाच्या किंवा घराच्या पत्त्यावर. दोन्ही वह्या वर्षानुवर्षे नीट भरल्या जात होत्या, पण त्यांना जोडणारा दुवा नव्हता. स्वयंसेवकांनी बराच वेळ घालवला तो हे पत्ते ब्लॉकमध्ये बसवण्यात. त्यानंतरची अडचण संख्याशास्त्राची होती. मोठ्या, जुन्या झाडांचा ब्लॉक आणि कोवळ्या रोपांचा ब्लॉक यांची सरळ तुलना करून चालत नाही, कारण पडझड मुळात कुठे जास्त व्हायची हे झाडांच्या वयावर आणि जातीवरही अवलंबून असते. हे फरक हिशेबात धरून निघालेला निष्कर्ष असा : छाटणीमुळे काही विशिष्ट प्रकारच्या धोक्यांसाठी तातडीची तुकडी पाठवण्याचे प्रसंग पुढील वर्षात २२ टक्क्यांनी घटतात. ‘काही विशिष्ट प्रकारच्या’ हे शब्द नंतरच्या भाषणांतून आणि बातम्यांतून अनेकदा गळाले. मूळ निष्कर्षात ते आहेत आणि असायलाच हवेत.

‘गिव्हडायरेक्टली’ ही संस्था गरिबांना थेट रोख रक्कम देते. केनियातील गावांत गरीब घर ओळखण्यासाठी तिने छपराचा निकष धरला होता : गवताने शाकारलेले घर गरिबाचे, पत्र्याचे घर त्याहून बऱ्या स्थितीतले. गवताची छपरे जास्त असलेली गावे उपग्रहचित्रांवरून आपोआप हेरणारा अल्गोरिदम डेटाकाइंडच्या स्वयंसेवकांनी रचला, आणि त्यावरचा शोधनिबंध २०१४ मध्ये संगणकशास्त्राच्या एका नामांकित परिषदेत मांडला गेला. तंत्र म्हणून काम सरस होते. पुढे मात्र गिव्हडायरेक्टलीने हा निकषच मागे टाकला आणि निवडलेल्या गावातील सर्व कुटुंबांना रक्कम देण्याकडे ती वळली. शेजाऱ्याला मिळाले आणि आपल्याला का नाही, हा गावातला प्रश्न उपग्रहाला सोडवता येण्यासारखा नव्हता.

न्यूयॉर्क, सिअ‍ॅटल आणि न्यू ऑर्लिन्स या शहरांसाठी मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने रस्ते-अपघातांचा अभ्यास झाला. भारताशी संबंधित डेटाकोअर प्रकल्पांत ‘सिम्पा नेटवर्क्स’चा उल्लेख करायला हवा. ही कंपनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण घरांना हप्त्याने सौरदिवे पुरवी. कोणता ग्राहक हप्ते नियमित भरेल याचा अंदाज बांधणे हे तिथले काम होते. अशा मॉडेलचा उपयोग दुधारी असतो. त्यामुळे बँकेने नाकारलेल्या कुटुंबाला दिवा मिळू शकतो, आणि एखाद्याला मागच्या नोंदींच्या आधारे पुन्हा नाकारलेही जाऊ शकते.

या चळवळीवर सर्वांत बोचरी टीका खुद्द पोरवे यांनी केली. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’साठी २०१३ मध्ये लिहिताना त्यांनी शनिवार-रविवारच्या हॅकेथॉनमधून सामाजिक बदल घडत नाही असे बजावले : सोमवारी प्रोग्रॅमर आपल्या नोकरीवर परततो, आणि त्याने बांधलेले साधन चालवणारा, दुरुस्त करणारा माणूस संस्थेत नसतो. स्वतःही डेटाडाइव्ह भरवणाऱ्याने हे लिहावे, हे उल्लेखनीय आहे. गोपनीयतेचा धोका वेगळा. आत्महत्येच्या उंबरठ्यावरील लोकांशी मेसेजवर बोलणारी ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’ ही सेवा डेटाच्या कुशल वापरासाठी वाखाणली जाई, आणि तिच्यासाठी डेटाकाइंडच्या स्वयंसेवकांनीही काम केले होते. ओळख पुसलेली संभाषणे ही सेवा एका व्यापारी कंपनीला देत असल्याचे जानेवारी २०२२ मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आले. टीका होताच काही दिवसांत तो व्यवहार थांबला. त्यात डेटाकाइंडचा हात नव्हता. पण संकटात मदत मागणाऱ्याचे शब्द कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न या क्षेत्रातील सगळ्यांपुढे आला.

जानेवारी २०१९ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि मास्टरकार्डच्या सर्वसमावेशक विकास केंद्राने डेटाकाइंडला पाच वर्षांसाठी दोन कोटी डॉलर जाहीर केले. यानंतर सुट्या प्रकल्पांऐवजी एकाच क्षेत्रातील अनेक संस्थांना चालेल अशा साधनांवर भर वाढला. आफ्रिकेतील गावोगावच्या आरोग्यसेविका मोबाइलवर भरतात त्या नोंदी विश्वासार्ह आहेत की नाहीत हे तपासणे, हे त्यातले महत्त्वाचे काम. दरम्यान पोरवे संस्थेतून बाहेर पडले.

कोणत्याही संस्थेविना असे काम भारतात झाले ते ‘कोविड१९इंडिया’ या नावाने. मार्च २०२० मध्ये स्वयंसेवकांच्या एका गटाने राज्यांची आरोग्यपत्रके वाचून जिल्हावार रुग्णसंख्या एका तक्त्यात भरायला सुरुवात केली. पत्रक कधी पीडीएफ असे, कधी ट्विटरवरचे चित्र, कधी मंत्र्यांचे निवेदन. इथे अल्गोरिदम जवळजवळ नव्हताच; रोज रात्री आकडे जुळवणारी माणसे होती. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने आधी न नोंदलेले १,३२८ मृत्यू एकदम आकडेवारीत मिळवले. असे आकडे त्या दिवसाचे म्हणून आलेखात चढवले, तर साथ अचानक भडकल्यासारखी दिसते. जुन्या तारखांना वाटायचे, तर तारखा पत्रकात असाव्या लागतात. वृत्तपत्रे आणि संशोधक याच तक्त्यावर विसंबून होते. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी नोंदी थांबवल्या गेल्या. तशी सूचना गटाने काही महिने आधीच दिली होती, आणि काम पुढे चालवू इच्छिणाऱ्या इतरांना सर्व डेटा व प्रोग्रॅम खुले ठेवले होते.