एका छताखाली दोन शिधापत्रिका

नोकरी सुटणे, घरभाडे न परवडणे, पतीचे निधन अशा कारणांनी एखादे कुटुंब भावाकडे किंवा माहेरी राहावयास जाते. अशा वेळी शिधापत्रिकेचे काय करावे, हा प्रश्न हमखास उपस्थित होतो. घाईने नावे नातेवाइकांच्या पत्रिकेत घातल्यास हक्काच्या धान्यात मोठी घट होऊ शकते.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार लाभार्थ्यांचे दोन गट आहेत. अंत्योदय गटातील कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य मिळते. त्यात माणसे किती, हे पाहिले जात नाही. प्राधान्य गटात मात्र प्रत्येक व्यक्तीमागे ५ किलो धान्य दिले जाते. जानेवारी २०२३ पासून दोन्ही गटांना हे धान्य विनामूल्य मिळते.

नुकसान कोठे होते, हे यावरून ध्यानात येईल. अंत्योदय पत्रिका असलेली विधवा आपल्या एका मुलासह भावाकडे गेली आणि दोघांची नावे भावाच्या प्राधान्य पत्रिकेत चढविली, तर त्यांच्या वाट्याचे ३५ किलो धान्य १० किलोवर येते. अंत्योदय पत्रिका असलेली दोन कुटुंबे एकत्र झाल्यास ७० ऐवजी ३५ किलोच उरतात. याउलट, दोन्ही पत्रिका प्राधान्य गटातील असल्यास धान्य माणशी असल्याने घट होत नाही.

तथापि उत्पन्नाचा विचार करावाच लागतो. महाराष्ट्रात प्राधान्य गटासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा शहरी भागात ५९ हजार व ग्रामीण भागात ४४ हजार रुपये ठरविण्यात आली. पत्रिका एक झाली की मिळकतही एकत्र मोजली जाते. भाऊ शुभ्र पत्रिकाधारक असेल, तर त्या पत्रिकेवर या कायद्याखालील धान्य मिळतच नाही. अन्य योजनांतही पत्रिकेचा रंग महत्त्वाचा ठरतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत पिवळी व केशरी पत्रिका असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट देण्यात आली होती.

केवळ मुक्काम बदलला म्हणून पत्रिका बदलणे आवश्यक नाही. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे मूळ पत्रिकेवरील धान्य अन्य गावातील, तसेच परराज्यातील रास्त भाव दुकानातूनही अंगठ्याचा ठसा देऊन घेता येते. त्यासाठी पत्रिकेस आधार क्रमांक जोडलेला असावा लागतो.

वास्तव्य कायमचे असल्यास तहसील कार्यालयात अथवा मुंबई-ठाणे भागात शिधावाटप कार्यालयात पत्ता बदलण्यासाठी अर्ज करावा. चूल स्वतंत्र असल्यास तसे अर्जात स्पष्ट नमूद करावे. एका व्यक्तीचे नाव दोन पत्रिकांत ठेवता येत नाही. म्हणून नाव दुसरीकडे चढविण्यापूर्वी जुन्या पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला घ्यावा लागतो. तो दाखला मागण्यापूर्वीच आपली पत्रिका कोणत्या गटातील आहे, हे पाहून घेणे हिताचे ठरते.