शब्दाची सभा आणि शब्दाची कवायत : उस्मानाबाद जिल्हा, १९२१-१९४८

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या युरोपातील कला आणि राजकारण यांच्या नात्याची चर्चा बहुधा वाल्टर बेंयामिनने १९३६ मधील निबंधात मांडलेल्या द्वंद्वाभोवती फिरते : फॅसिझम राजकारणाचे सौंदर्यीकरण करतो, तर साम्यवाद कलेच्या राजकीयीकरणाने त्याला उत्तर देतो. कला आणि राजकारण ही दोन स्वतंत्र क्षेत्रे आहेत, हे या मांडणीत गृहीत आहे. निजामी राजवटीतील मराठवाड्यात हे गृहीतक टिकत नाही. ‘गश्ती क्रमांक ५३’ या हुकुमाने सभेला पूर्वपरवानगी आवश्यक ठरवल्यानंतर शाळा, वाचनालय आणि परिषद हीच राजकारणाची शक्य रूपे उरली.

उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा स्थापन झाली. १९२९ पासून काही वर्षे तेथे अध्यापन करणारे व्यंकटेश खेडगीकर संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि पुढे स्टेट काँग्रेसच्या लढ्याचे नेते ठरले. महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने १९३७ मध्ये परतूरला, तर १९३८ मध्ये तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या लातूरला भरली. मातृभाषेतील शिक्षणाची मागणी येथे नागरी हक्कांच्या मागणीपासून वेगळी काढता येत नाही.

परंतु सांस्कृतिक आवरण दुसऱ्या बाजूलाही होते. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या इत्तेहादुल मुसलमीनचे आरंभीचे स्वरूप धार्मिक-सामाजिक होते. १९३८ मध्ये अध्यक्ष झालेले बहादूर यार जंग हे उर्दूतील असामान्य वक्ते. त्यांचे ‘अनल मलिक’ हे सूत्र मन्सूर हल्लाजच्या ‘अनल हक’ची आठवण जागवते, मात्र सूफी उद्गारात जो ‘मी’ विरून जातो, तोच येथे सार्वभौम सत्तेचा वाटेकरी होतो. लातूरला वकिली करणारे कासीम रझवी संघटनेच्या नेतृत्वस्थानी आल्यावर या वक्तृत्वाला गणवेश, कवायत आणि शपथ यांची जोड मिळाली. बेंयामिनने ज्याला सौंदर्यीकरण म्हटले, त्याचे हे स्थानिक रूप होय.

म्हणून या संघर्षाची सीमारेषा मराठी आणि उर्दू यांच्यामध्ये आखणे चुकीचे ठरेल. मखदूम मोहिउद्दीन यांची क्रांतिकारी कविता उर्दूचीच होती; रझाकारांवर टीका करणारे आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झालेले ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान उर्दूतच लिहीत होते. खरा भेद प्रत्युत्तराला जागा देणारा शब्द आणि केवळ होकार मागणारा शब्द यांच्यातील आहे. सभेत श्रोता प्रश्न विचारू शकतो. कवायतीत तो फक्त पाऊल जुळवतो.

हा निकष विजेत्यांनाही लावावा लागतो. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर मुस्लिम समाजावर झालेल्या हिंसाचाराची पाहणी सुंदरलाल समितीने केली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचा समावेश केला; परंतु तो अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. सभेच्या हक्कासाठी लढलेल्या प्रदेशाच्या मुक्तिकथनात या घटनेला कितपत जागा मिळाली, हा इतिहासाइतकाच मराठी समीक्षेचाही प्रश्न आहे. मुक्तिलढ्याचे वाङ्मय केवळ गौरवाच्या लयीत वाचले जाईल, तोवर कवायतीचे व्याकरण भाषेतून गेले असे म्हणता येणार नाही.